मूल होत नाही म्हणून दवाखान्यात गेलात, तेव्हा 'काम काय करता' असं कुणी विचारलं का?

खाडीकाठचा (धागाकर्ता)

लोटे-परशुरामच्या केमिकल कारखान्यांच्या पट्ट्यात माझी उमेदीची वर्षं गेली. प्रॉडक्शनला होतो, आता निवृत्त आहे. मध्यंतरी जुन्या शिफ्टमधल्या एका पोराचा फोन आला. लग्नाला बरीच वर्षं झाली, बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दुर्बीण झाली, नवससायास झाले, आणि आता कुठे कुणीतरी ह्याचं वीर्य तपासायला सांगितलं. रिपोर्टात शुक्राणू जवळजवळ नाहीतच. त्याने विचारलं, "साहेब, आपण जे सॉल्व्हंट हाताळायचो, त्याचा काही संबंध असेल का?"

(सॉल्व्हंट म्हणजे दुसरी रसायनं विरघळवणारे द्रव.) संबंध आहेच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण प्रश्न रास्त आहे. गंमत म्हणजे हा प्रश्न आधी कुठल्या शास्त्रज्ञाने गाजवला नाही, तो कामगारांनीच एकमेकांना विचारला होता. ती हकीकत इथे फार जणांना माहीत नसेल, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळ लॅथ्रॉप नावाचं गाव आहे. तिथे ऑक्सिडेंटल कंपनीचा खतं आणि शेतीऔषधांचा कारखाना होता. शेतीऔषधांच्या विभागात डायब्रोमोक्लोरोप्रोपेन नावाचं रसायन मिसळून भरलं जायचं. लांबलचक नाव सोडा, सगळे त्याला डीबीसीपी म्हणतात. जमिनीत सोडलं की मुळांवरचे सूत्रकृमी मरतात. डाऊ कंपनी ते फ्युमाझोन म्हणून विकायची, शेल नेमागॉन म्हणून. नेमागॉन हे नाव आपल्याकडच्या जुन्या शेतीपुस्तकांतही सापडतं. आता भारतात ते बंदी घातलेल्या कीटकनाशकांच्या यादीत आहे.

तर त्या विभागातल्या माणसांच्या बोलण्यात यायला लागलं, की आपल्यातल्या कुणाच्याच घरी एवढ्यात पाळणा हललेला नाही. शेजारच्या विभागात बारशी चालू, इथे सामसूम. त्या सुमाराला कामगारांच्या आरोग्यावर माहितीपट काढणारी मंडळी तिथे आली होती. त्यांच्याशी आणि युनियनशी बोलता बोलता ठरलं की तपासून घेऊ. १९७७ च्या उन्हाळ्यात मोजक्या जणांनी नमुने दिले, आणि निकाल पाहून डॉ. डोनाल्ड व्हॉर्टन यांनी अख्ख्या विभागाचीच तपासणी केली.

नसबंदी न झालेले २५ पुरुष होते. त्यातल्या ११ जणांचे शुक्राणू मिलिलिटरला दहा लाखांच्या खाली, म्हणजे बहुतेकांचे शून्यच. दुसऱ्या ११ जणांचे चार कोटींच्या वर, अगदी ठणठणीत. मधले तिघे अधलेमधले. आता खरी गोम ऐका. दहा लाखांच्या खालचे सगळे तिथे किमान तीन वर्षं काम केलेले, आणि ठणठणीतवाल्यांपैकी कुणाचाही संपर्क तीन महिन्यांपेक्षा जास्त नव्हता. एकच छप्पर, एकच पाणी, एकच कँटीन. फरक फक्त त्या रसायनाशी किती काळ गाठ पडली याचा. आयुष्यभर प्लँटच्या नोंदवह्या वाचलेल्या माणसाला इतकं स्वच्छ चित्र क्वचित पाहायला मिळतं.

यातला संताप आणणारा भाग वेगळाच आहे. उंदरांचे अंडकोष या रसायनाने आक्रसतात, हे १९६१ सालीच छापून आलं होतं. हवेत दशलक्षात ५ भाग एवढ्याशा प्रमाणालाही. तो अभ्यास रसायन बनवणाऱ्या कंपन्यांच्याच पैशातून झाला होता. तो कागद सोळा वर्षं पडून होता आणि लॅथ्रॉपचा कामगार ड्रम भरत होता.

बातमी फुटल्यावर पावलं भराभर पडली. कॅलिफोर्नियाने वापर थांबवला. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १९७८ मध्ये कारखान्यातल्या हवेसाठी अब्जात एक भाग अशी मर्यादा घातली. १९७९ मध्ये हवाईतले अननसाचे मळे सोडून बाकी वापर बंद झाला. त्या गडबडीत पीच बागायतदारांच्या संघटनेने खात्याला एक पत्र पाठवलं होतं. त्यात सूचना अशी, की ज्यांना पुढे मुलं नकोच आहेत अशा वयस्कर माणसांना या कामावर घ्या, काही जण तर नसबंदीला पर्याय म्हणून आपणहून पुढे येतील. हा विनोद नाही, सरकारदरबारी दाखल झालेलं पत्र आहे.

आणि माल? मध्य अमेरिकेतल्या केळीच्या बागांना तो हवाच होता. स्टँडर्ड फ्रूट कंपनीने डाऊकडे पुरवठा चालू ठेवण्याचा आग्रह धरला, उद्या काही झालं तर भरपाई आम्ही देऊ असं लिहून दिलं, आणि माल जात राहिला. एकट्या कोस्टा रिकात हजाराहून जास्त बागकामगारांना वंध्यत्व आलं.

मला इथे जाणून घ्यायचंय ते असं, की तुमच्या कारखान्यात, गॅरेजमध्ये, शेतात पुरुषांच्या या बाजूचा विचार होताना कुणी पाहिलाय का? नाव-गाव सांगायची गरज नाही. कंपनीचं नाव तर मुळीच नको.

वाचनमात्र७

रुमाल टाकून ठेवतो. सवडीने वाचतो.

लघुउद्योजक

खाडीकाठचे साहेब, हकीकत छान रंगवलीत. पण ती पन्नास वर्षांपूर्वीची, बंदी आलेल्या एका रसायनाची. त्यावरून आजच्या सगळ्या कारखान्यांवर शिंतोडे कशाला? माझं स्वतःचं पावडर कोटिंग आणि पेंटिंगचं वर्कशॉप आहे. वीस वर्षं थिनरच्या वासात उभा आहे, दोन मुलं आहेत, दोन्ही खणखणीत. तंबाखू, दारू, जागरणं, मांडीवर लॅपटॉप, घट्ट जीन्स, हे सगळं सोडून खापर नेहमी कारखान्यावरच का फुटतं? उद्या कामगार येऊन म्हणतील, मूल होत नाही, नुकसानभरपाई द्या. आधीच माणसं मिळत नाहीत.

मूत्रखडा

युरॉलॉजिस्ट आहे, टोपणनावाला हसू नये.

लघुउद्योजकांचा निम्मा मुद्दा मान्य. तंबाखू आणि दारूचा परिणाम असतोच. शिवाय दर शंभर पुरुषांत पंधराएक जणांना व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या असतात, लहानपणीचे गालगुंड असतात, गुणसूत्रांचे दोष असतात. एकट्या माणसाचा रिपोर्ट हातात घेऊन "हे अमक्या सॉल्व्हंटमुळेच" असं कुठलाही शहाणा डॉक्टर म्हणणार नाही. लॅथ्रॉपला कळलं कारण तिथे अख्खा विभाग एकदम तपासला. एकेक कामगार वेगवेगळ्या डॉक्टरकडे गेला असता तर पंचवीस केसपेपर पंचवीस कपाटांत राहिले असते.

पण दुसरा निम्मा मुद्दा आमच्या व्यवसायावर येतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, पूर्ण किंवा भागीदारीत. वीर्यतपासणी ही सगळ्यात स्वस्त, ना सुई ना भूल. तरी आपल्याकडे बाईच्या ट्यूबचा एक्स-रे आधी होतो. आणि केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात काय असतं? 'खाजगी नोकरी'. बँकेतला क्लार्कही खाजगी नोकरी आणि बॅटरीच्या भट्टीवरचा माणूसही खाजगी नोकरी.

थोडं शरीरशास्त्र, कारण त्याशिवाय तारखांचा मेळ लागत नाही. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे नळीत पक्व होऊन बाहेर यायला आणखी दोनेक आठवडे. म्हणजे आजचा रिपोर्ट हा तीन महिन्यांपूर्वी तुम्ही कुठे होतात त्याचा रिपोर्ट आहे. काम बदललं आणि पंधरा दिवसांत तपासून "काही फरक नाही" म्हणालात, तर त्याला अर्थ नाही. तीन महिने थांबा, मग तपासा. आधी दोन ते सात दिवसांचा संयम, आणि एका रिपोर्टवर कधीच निकाल लावू नका, दुसरा करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे मिलिलिटरला १.६ कोटी ही खालची रेघ धरतात. रेघेच्या खाली मूल होतच नाही असं नाही, आणि वर असलं म्हणजे खात्री असंही नाही.

अजून एक, हे पुरुषांनी नीट वाचा. अंडकोषात दोन वेगळी खाती आहेत, एक शुक्राणू बनवतं, दुसरं टेस्टोस्टेरॉन. डीबीसीपीने पहिलं खातं बुडवलं, दुसरं बहुतांशी शाबूत राहिलं. त्यामुळे त्या माणसांची दाढी, ताकद, इच्छा, शरीरसंबंध, सगळं जसंच्या तसं. म्हणूनच कुणाला वर्षानुवर्षं पत्ता लागला नाही. 'मर्दानगी' शाबूत आहे म्हणजे शुक्राणू आहेत, हा आपला समज साफ चुकीचा आहे.

आकडा कमी आला की जिममधल्या मित्राच्या सल्ल्याने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणारे भेटतात. कृपा करा आणि हे करू नका. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू अंडकोषाला कामाचे निरोप द्यायचं थांबवतो, आणि होते नव्हते ते शुक्राणूही जातात.

खाडीकाठचा

धन्यवाद डॉक. 'पंचवीस कपाटं' एकदम पटलं.

लघुउद्योजक, तुम्हाला दोन मुलं आहेत याचा आनंदच आहे. पण लॅथ्रॉपच्या काही जणांनाही मुलं होती, विभागात येण्याआधीची. तुमची मुलं कोणत्या वर्षी झाली आणि तेव्हा वर्कशॉप केवढं होतं, एक्झॉस्ट कसा होता, स्वतः रंगाची स्प्रे-गन धरायचात की ऑफिसात बसायचात, यावर उत्तर अवलंबून आहे. आणि विषय एका रसायनाचा नाहीच. बॅटरीतलं शिसं आहे. रेयॉनच्या सुतासाठी लागणारा कार्बन डायसल्फाइड आहे. पेंट-थिनर आणि इलेक्ट्रॉनिक्समधले काही ग्लायकॉल इथर आहेत, जहाजबांधणीतल्या पेंटरांमध्ये त्यांचा परिणाम दिसलेला आहे. दक्षिण कोरियात १९९५ मध्ये एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात २-ब्रोमोप्रोपेनने बायकांची पाळी गेली आणि पुरुषांचे शुक्राणू. ते जुन्या, ओझोनला घातक सॉल्व्हंटच्या जागी 'सुरक्षित' म्हणून आणलं होतं.

भट्टीची उष्णता वेगळीच. निसर्गाने अंडकोष शरीराबाहेर लटकवलेत ते शरीरापेक्षा दोन-तीन अंश गार राहावेत म्हणून. मांडीवरच्या लॅपटॉपची भीती वाटते, तर मग समोरच्या भट्टीची वाटायला काय हरकत आहे?

मीनल_अंबरनाथ

हा धागा वाचून हात थरथरताहेत, तरी लिहिते.

माझे मिस्टर गाड्यांच्या पेंटिंगच्या दुकानात आहेत. संध्याकाळी घरी येतात ते हात थिनरनेच धुऊन. साबणाने रंग निघत नाही म्हणतात. कपड्यांचा वास खोलीभर. माझ्या तपासण्यांवर आमची सगळी शिल्लक गेली. माझे रिपोर्ट नॉर्मल आले की सासूबाई म्हणायच्या, डॉक्टर बदल. कुलदेवीची ओटी भरून झाली, संतती गोपाळ झालं, सोळा सोमवार झाले. यांना एकदा तपासून घ्या म्हटलं तर दोन दिवस जेवले नाहीत. मोठे दीर म्हणाले, आमच्या खानदानात असं काही नसतं.

मला त्यांचा राग येत नाही असं नाही. पण माणूस वाईट नाही हो. त्यांना वाटतं, कमी निघालं तर आपण पुरुषच नाही. डॉक्टरांनी वर ते दोन खात्यांचं लिहिलंय ना, ते मी मोबाईलवर त्यांच्यासमोर ठेवलं. काही बोलले नाहीत, पण दोनदा वाचलं.

थिनरमध्ये नक्की काय असतं हे कुठे कळेल? पाच लिटरच्या कॅनवर फक्त कंपनीचं नाव आणि आगीचं चित्र आहे.

सेफ्टीवाला

मीनलताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण आधी एक काम आजच करा: थिनरने हात धुणं बंद. सॉल्व्हंट फक्त नाकातूनच नाही, कातडीतूनही शरीरात जातात, आणि ग्लायकॉल इथर तर कातडीतून फार सहज जातात. हाताला आधी बॅरियर क्रीम, नंतर मेकॅनिक वापरतात ती हँडक्लीनर पेस्ट. कामाचे कपडे दुकानातच बदलायचे, घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

आता कागदाबद्दल. प्रत्येक औद्योगिक रसायनाचं एक सुरक्षा पत्रक असतं. कारखान्यात आम्ही अजून एमएसडीएसच म्हणतो. त्यात सोळा भाग असतात. कामगाराला सगळे वाचायची गरज नाही, दुसरा, आठवा आणि अकरावा बघा. दुसऱ्या भागात धोक्याचे संकेतांक असतात, 'एच' अक्षर आणि पुढे आकडा. एच ३६० दिसलं तर अर्थ असा, की हे रसायन प्रजननक्षमतेला किंवा पोटातल्या बाळाला हानी करू शकतं. एच ३६१ म्हणजे तसा संशय आहे. आकड्यापुढे इंग्रजी 'एफ' असेल तर रोख प्रजननक्षमतेवर, 'डी' असेल तर बाळावर. शिशाची संयुगं आणि मिथॉक्सीइथेनॉल हा ग्लायकॉल इथर एच ३६० मध्ये येतात. चपला-बॅगांच्या सोल्युशनमधला एन-हेक्झेन एच ३६१ मध्ये.

आठव्या भागात मास्क आणि हातमोजे कुठले ते असतं, आणि इथे आपल्याकडे सगळ्यात मोठी फसवणूक चालते. कापडी मास्क, कोविडचा मास्क, धुळीचा मास्क, यातला एकही सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. त्याला सेंद्रिय वाफेचा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि कार्ट्रिज ठरावीक काळाने बदलावी लागते. मी पाहिलंय, एकच कार्ट्रिज वर्षभर वापरलेली, आणि ऑडिटच्या दिवशी चकचकीत पुसून ठेवलेली. पातळ रबरी हातमोज्यातून बरीच सॉल्व्हंट काही मिनिटांत आरपार जातात, वर आत कोंडून राहतात ते वेगळंच.

पण खरं सांगायचं तर मास्क हा शेवटचा उपाय. आधी रसायन बदलता येतं का ते बघायचं, मग बंदिस्त पद्धत, मग एक्झॉस्ट. रिअॅक्टरचं तोंड (मॅनहोल) उघडं ठेवून ड्रममधून रसायन आत ओतणं, सेंट्रीफ्यूजमधून गाळलेला ओला गोळा हाताने काढणं, रिअॅक्टरमध्ये उतरून सफाई, हीच जास्त संपर्काची कामं. आणि ही कोण करतं? कंत्राटी पोरं. त्यांची वैद्यकीय तपासणी झालीच तर रक्त, छातीचा फोटो, कान, डोळे. आपल्याला मूल होत नाही हे डॉक्टरला सांगायचं असतं, हे त्या पोराला कुणी सांगितलेलंच नसतं.

कायद्याचं थोडक्यात. भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात कलमं घातली गेली: कामगाराला धोक्याची माहिती देणं मालकावर बंधनकारक, आरोग्याच्या नोंदी ठेवणं बंधनकारक, आणि त्या नोंदी कामगाराला पाहता येतात. आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झालाय, पण माहिती देण्याचं कर्तव्य तिथेही आहे. आडमुठेपणा झाला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते. मीनलताईंच्या मिस्टरांसारख्या चार माणसांच्या दुकानाला मात्र यातलं जवळपास काहीच लागू होत नाही, हे कटू आहे.

द्राक्षबाग

आम्ही शेतकरी. आमच्याकडे कुठली श्रमसंहिता!

दिंडोरी भागात बाग आहे. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की वेलीचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतो. काडीला बोळ्याने लावायचं. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, तेच लावतात, आणि घरची पोरंही लावतात. सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक: पेस्टिंगच्या दिवसांत दारूला शिवायचं नाही. घेतली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, डोकं फुटायची वेळ येते. आमच्याकडे एकाला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

पण त्या पलीकडे काही असतं का? दुकानदार म्हणतो, हातमोजे घाला, बस. आमचा पोरगा लग्नाचा आहे म्हणून विचारतो.

सेफ्टीवाला

द्राक्षबाग दादा, दारूचं तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं. हे द्रव्य शरीरात दारू पचवण्याच्या वाटेत आडवं येतं, आणि काम संपल्यावरही काही दिवस परिणाम राहतो. युरोपच्या वर्गीकरणात ते एच ३६१ मध्ये आहे, 'एफ' आणि 'डी' दोन्ही अक्षरांसह. म्हणजे संशय आहे, माणसांवर सिद्ध झालेलं नाही. घाबरून लग्न पुढे ढकलू नका. बोळ्याऐवजी लांब दांड्याचा ब्रश, कोपरापर्यंत जाड नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, अंगावर पूर्ण बाह्या, आणि अंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी. मजुरांनाही तेच द्या, फक्त पोराला नको.

द्राक्षबाग

मजुरांनाही देतो. बोललात ते बरोबर बोललात.

सॅनहोकीनकर

मी कॅलिफोर्नियात ट्रेसीला राहतो, लॅथ्रॉप इथून पंधरा मिनिटांवर. आता तिथे गोदामं आणि नव्या कॉलन्या आहेत, आपली देशी मंडळी भरपूर. ही गोष्ट आमच्या दिवाळीच्या ग्रुपमध्ये एकालाही माहीत नव्हती.

डीबीसीपी इथून पूर्ण गेलेलं नाही. द्राक्षं, पीच आणि टोमॅटोच्या शेतांत जे सोडलं ते खाली भूजलात उतरलं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.२ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे, आणि फ्रेस्नो शहराला कित्येक विहिरींवर कार्बनचे फिल्टर बसवावे लागले.

केळीवाल्यांबद्दल भर घालतो. निकाराग्वाच्या बागकामगारांनी लॉस एंजलिसमध्ये दावे लावले, २००७ मध्ये ज्यूरीने काहींच्या बाजूने कौलही दिला. पुढे त्यातले काही वादी खोटे उभे केल्याचा ठपका न्यायाधीशांनी ठेवला आणि दावे गडगडले. कंपन्यांच्या बाजूची माणसं तेवढंच सांगतात, आणि चळवळीतली माणसं तेवढंच सांगत नाहीत. दोन्ही खरं आहे: बागेत फवारा मारलेला, मूल न झालेला माणूसही खरा, आणि त्याच्या नावावर पैसे काढू पाहणारा दलालही खरा. पहिल्याचं नुकसान दुसऱ्याने केलं.

मूत्रखडा

अवांतर नाही, म्हणून लिहितो. "गेलेले परत येतात का?" असं मला दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं.

कशाने आणि किती वर्षांनी, यावर आहे. इस्राएलमध्ये डीबीसीपी बनवणाऱ्या कामगारांचा १७ वर्षं पाठपुरावा झाला. ज्यांचे फक्त कमी झाले होते आणि ज्यांचे शून्य झाले होते, दोन्ही गटांत काहींचे परत आले, बाकीच्यांचे आलेच नाहीत. तिथे अजून एक विचित्र गोष्ट नोंदली गेली: संपर्काच्या काळात राहिलेल्या गर्भांत मुलग्यांपेक्षा मुली जास्त जन्मल्या. (मुलगाच हवा म्हणून घर डोक्यावर घेणाऱ्यांनी हे वाचावं.) एफएसएच हे हार्मोन फार वाढलेलं असेल तर मूळ पेशीच गेल्याची शक्यता जास्त, म्हणून शून्य रिपोर्टसोबत ती रक्ततपासणी करतात. शिशाचं वेगळं, संपर्क थांबला की रक्तातलं शिसं महिन्या-दोन महिन्यांत उतरायला लागतं, पण हाडांत साठलेलं वर्षानुवर्षं हळूहळू परत रक्तात येत राहतं.

वकीलीणबाई

शिशाचा विषय निघालाच आहे तर एक खटला सांगते, आम्हाला तो शिकवताना फक्त स्त्रियांचा म्हणून शिकवतात.

अमेरिकेत जॉन्सन कंट्रोल्स ही तेव्हा बॅटरी बनवणारी कंपनी होती. तिने १९८२ मध्ये नियम केला, की मूल होऊ शकणाऱ्या बाईला शिशाच्या कामावर घेणार नाही. नसबंदीचा दाखला आणा, मग काम. नोकरी टिकवण्यासाठी एका बाईने खरोखर शस्त्रक्रिया करून घेतली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम भेदभाव म्हणून रद्द केला. पण वादींमध्ये एक पुरुषही होता, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याला बाप व्हायचं होतं, म्हणून त्याने रक्तातलं शिसं उतरेपर्यंत रजा मागितली. कंपनीने नाकारली. म्हणजे बाईला बाळाच्या नावाखाली दाराबाहेर ठेवायचं आणि पुरुषाला त्याच बाळासाठी आतून बाहेर येऊ द्यायचं नाही! शिसं पुरुषाच्या प्रजननावरही परिणाम करतं याचा पुरावा समोर असताना तुम्ही फक्त बायकांनाच का वगळलंत, असं न्यायालयाने सुनावलं.

अमेरिकेच्याच १९७८ च्या शिशाच्या नियमावलीत मार्गदर्शन आहे, की मूल हवं असलेल्या स्त्री आणि पुरुष दोघांचंही रक्तातलं शिसं डेसिलिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या खाली असावं. आपल्या फॅक्टरी कायद्यातलं धोक्याच्या कामांचं कलम ८७ काढून बघा. स्त्रिया, किशोर आणि मुलांना त्या कामांपासून दूर ठेवायची मुभा त्यात होती. प्रौढ पुरुषाच्या बापपणाचा विचार त्या यादीत कुठेच नाही.

लघुउद्योजक

काल रात्री सगळा धागा परत वाचला. माझं एक मूल वर्कशॉप टाकण्याआधीचं आणि दुसरं पहिल्या वर्षातलं आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. माझ्याकडे गन धरणारी तीन पोरं आहेत, दोघांची लग्नं झालीत. त्यांना मी कधी काही विचारलेलं नाही, आणि विचारायचं तरी कसं, हेही कळत नाही. "घरी काय बातमी?" एवढंच आपण विचारतो.

पेंट-बूथच्या एक्झॉस्टचा बेल्ट बदलून घेतोय. पाण्यावर आधारित रंग महाग पडतो आणि गिऱ्हाईक चकाकीवरून भांडतं, ते मात्र लगेच जमणार नाही.

खाडीकाठचा

लघुउद्योजक, विचारायचं अगदी सोपं आहे. तुम्ही विचारूच नका. एमएसडीएसची प्रत मराठीत करून बूथच्या दारावर चिकटवा, आणि खाली लिहा: ज्याला मूल हवंय त्याने तीन महिने पॅकिंगला काम मागितलं तर मिळेल, पगार तोच. कारण विचारलं जाणार नाही. मी नोकरीत असताना दोघांना असं हलवलं होतं, रजिस्टरला 'कामाची फेरपालट' म्हणून लिहिलं.

त्यांना मुलं झाली का, असं तुम्ही विचाराल. एकाला झालं, एकाला नाही. त्यावरून काही सिद्ध होत नाही, डॉक रागावतील.

मीनल_अंबरनाथ

थिनरचं पत्रक दुकानदार देत नाही म्हणतो. "आजवर कुणी मागितलं नाही" म्हणे.

सेफ्टीवाला

दुकानदाराकडे बहुतेक नसतंच. कॅनवरच्या कंपनीचं नाव घ्या आणि त्यांच्या ग्राहक विभागाला मालाच्या नावासकट ईमेल करा, सुरक्षा पत्रक पाठवा एवढंच लिहा. आलं की तिसरा भाग उघडा, घटकांची यादी आणि प्रत्येकापुढे एक आकडा, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक असतो. १०९-८६-४ किंवा ११०-८०-५ (दोन्ही ग्लायकॉल इथरच) यातला एकही दिसला तर ते थिनर परत करा आणि दुसरं घ्या. लोकल, सुटं, बिनालेबलाचं थिनर असेल तर पत्रक शोधत बसू नका, ते घ्यायचंच नाही.

मीनल_अंबरनाथ

ईमेल केली. तपासणीची वेळ शनिवारची घेतलीये, हे स्वतःच म्हणाले जाऊ. पत्रक आलं की तिसरा भाग इथे टाकते, बघून सांगा.